उपयोगिता फलन की प्रकट पसंती? मागणीवर काम सुरू करण्याआधी

दर वर्षी कुणीतरी विचारतंच. कुणाचा एम.ए.चा प्रबंध असतो, कुणाचा पीएच.डी.चा आराखडा, तर कुणाच्या गळ्यात साहेबांनी "ग्राहकांच्या मागणीवर जरा गणिती काहीतरी करा" असं म्हणून काम मारलेलं असतं. प्रश्न मात्र एकच. सुरुवात पसंतीपासून करू की निवडीपासून? म्हणजे आधी उपयोगिता फलन (वस्तूंच्या कोणत्या संचाला माणूस किती वर ठेवतो ते सांगणारं सूत्र) मांडायचं आणि त्यातून मागणी काढायची, की माणसाने प्रत्यक्षात काय घेतलं त्या नोंदी पुढ्यात घेऊन त्यांनाच बोलतं करायचं, ज्याला 'प्रकट पसंती' म्हणतात?

मी दोन्ही केलंय. पहिल्या वाटेवर तीन-साडेतीन वर्षं घालवली, दुसरीवर उशिरा आलो आणि अजून तिथेच आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते कळायला फार वाचावं लागणार नाही. समवृत्ती वक्र (सारख्याच पसंतीचे संच जोडणारा), अंदाजपत्रक रेषा (हातातल्या पैशात जेमतेम बसणारे संच), किंमत परिणामाचे दोन तुकडे (वस्तूंची अदलाबदल आणि खिशावरचा, म्हणजे उत्पन्न परिणाम), हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. तेच पुन्हा सांगत बसलो तर मूळ मुद्दा राहून जाईल.

एक कबुली आधीच देतो. सिद्धांताच्या पातळीवर या दोन वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोचतात, आणि ते गणिताने सिद्ध झालेलं आहे. म्हणून पुष्कळ जण म्हणतात, कुठूनही सुरू करा, काय फरक पडतो? वर्गात खरंच पडत नाही. डेटा हातात आला आणि काहीतरी बिनसलं, की पडतो.

उपयोगितेची वाट

या वाटेची मोहिनी खरी आहे. स्लुट्स्कीने किंमत परिणामाची फोड १९१५ मध्ये एका इटालियन नियतकालिकात छापली आणि महायुद्धाच्या धामधुमीत ती बरीच वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हती. १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन स्वतंत्रपणे तिथेच पोचले. उपयोगितेचे आकडे मोजायची गरज नाही, नुसता क्रम पुरतो, ही गोष्ट त्यानंतर रुजली. पुढे १९५४ मध्ये देब्रूने पसंतीक्रमाला कोणत्या अटींवर अखंड फलनाचं रूप देता येतं ते दाखवलं. शब्दकोशातल्या शब्दांसारखा लावलेला क्रम (पहिली वस्तू जिथे जास्त तो संच वरचढ, तिथे बरोबरी झाली तरच दुसरीकडे बघायचं) कितीही सुसंगत असला तरी कोणत्याच उपयोगिता फलनात बसत नाही, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस येईल त्याला सांगत सुटलो होतो. ऐकणाऱ्यांचे चेहरे आठवले की अजून ओशाळायला होतं.

मग येते ती यंत्रसामग्री. खर्च फलन (ठरावीक समाधान गाठायला कमीत कमी किती पैसे लागतात ते) लिहा, किमतीनुसार विकलन करा, की शेफर्डच्या नियमाने भरपाईयुक्त मागणी, म्हणजे समाधान तेवढंच ठेवून किमतीनुसार बदलणारी मागणी, हातात येते. अप्रत्यक्ष उपयोगिता फलन (दिलेल्या किमती आणि उत्पन्नात जास्तीत जास्त किती समाधान मिळतं ते) असेल तर रॉयच्या सूत्राने नेहमीची मागणी मिळते. सगळं इतकं सुबक, की कागदावर चूक झाली तर ती तिथल्या तिथे दिसते. शिवाय वापरायला तयार साचे आहेत. रिचर्ड स्टोनची १९५४ ची रेषीय खर्च प्रणाली आहे: प्रत्येक वस्तूची एक किमान गरज आधी भागवायची आणि उरलेले पैसे ठरावीक प्रमाणात वाटायचे. डीटन आणि म्युलबाउअर यांची १९८० ची 'ऑलमोस्ट आयडियल डिमांड सिस्टिम' तर आजही मागणीवर काम करणाऱ्याच्या हाताशी असतेच. (इंग्रजी आद्याक्षरं जुळवून बघा: एड्स. पेपर १९८० चा आणि त्या रोगाला ते नाव मिळालं १९८२ मध्ये, त्यामुळे लेखकांना दोष देता येत नाही. पण परिसंवादात ते नाव घेताना वक्ते अजूनही किंचित अडखळतात.)

एका शब्दात सांगायचं तर ही वाट तुम्हाला आकडा देते. कर लावला तर या कुटुंबाचं नुकसान किती? आकडा. किंमत दहा टक्क्यांनी वाढली तर मागणी किती घटेल? आकडा. साहेबांना, समितीला, मासिकाच्या संपादकांना आकडा लागतो. ही बाजू मी कमी लेखत नाही.

जिथे माझं घोडं अडलं

माझ्याकडे काही कुटुंबांच्या खरेदीच्या नोंदी होत्या. प्रत्येकाचे २४ महिने, आठ वस्तू. किती नग घेतले ते कुटुंबांच्या रोजकीर्दीतून आलेलं आणि किमती वेगळ्या तक्त्यातून. मी सरळ डीटन-म्युलबाउअरचा साचा लावला. सिद्धांत सांगतो की भरपाईयुक्त मागणीच्या मॅट्रिक्समध्ये सममिती हवी: पहिल्या वस्तूच्या किमतीचा दुसरीच्या मागणीवर जेवढा परिणाम, तेवढाच दुसरीच्या किमतीचा पहिलीच्या मागणीवर. उत्पन्न परिणाम वगळून, अर्थात. चाचणी घेतली. सममिती नापास, आणि काठावर नव्हे, सणसणीत नापास.

असं काहीतरी होतंच, हे मला माहीत होतं. डीटन आणि म्युलबाउअर यांच्याही मूळ पेपरात ब्रिटनच्या १९५४ ते १९७४ च्या आकड्यांनी सिद्धांताच्या अटी धुडकावल्या होत्या. सगळ्या किमती आणि खर्च एकाच पटीत वाढले तर मागणी हलू नये, ही साधी अटसुद्धा तिथे सगळीकडे टिकली नव्हती. त्याआधी १९७५ मध्ये क्रिस्टेन्सन, जॉर्गेन्सन आणि लाउ यांनी अमेरिकेचे १९२९ ते १९७२ चे आकडे वेगळ्या साच्यात घालून मागणीचा सिद्धांत पुराव्याशी जुळत नाही असा निष्कर्ष काढला होता. म्हणजे मी चांगल्या संगतीत होतो.

सादरीकरणात माझ्या गाईड मॅडमनी शांतपणे विचारलं, "म्हणजे कुटुंबं चुकली, की तुझं सूत्र चुकलं?"

मला उत्तर देता येईना. खरं सांगतो, त्या दिवशीच नव्हे, पुढचे आठ महिने येईना. कारण त्या एका चाचणीत किती गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या होत्या ते बघा. कुटुंबं सुसंगत वागतात हे एक. त्यांची पसंती मी निवडलेल्या सूत्रातच बसते हे दुसरं. वेगवेगळ्या कुटुंबांना एकाच समीकरणात कोंबलं तरी चालतं हे तिसरं. प्रत्येक कुटुंब सुसंगत असूनही बेरजेत सममिती बिघडू शकते, हे विसरू नका. किमतीचे आकडे बरोबर आहेत हे चौथं. चाचणी म्हणते, या गठ्ठ्यात कुठेतरी काहीतरी खोटं आहे. कोणतं? त्यावर ती मौन धरते.

मग जे सगळे करतात तेच मी केलं, सूत्र बदललं. ट्रान्सलॉग नावाचं दुसरं सूत्र लावलं, तिथे सममिती आणखी बिघडली. रॉटरडॅम साचा लावला, सममिती कशीबशी टिकली पण एका वस्तूची भरपाईयुक्त मागणी किमतीबरोबर वाढायला लागली, जे तर मुळातच चालत नाही. दर वेळी नवं सूत्र, नवा नकार, आणि दर वेळी मॅडमचा तोच प्रश्न. घरात कुठेतरी गळतंय हे छतावरून कळावं, पण पाणी कुठून येतंय ते कळू नये, आणि आपण खोल्यांचे रंग बदलत राहावं, असं चाललं होतं. माझं मन या वाटेवरून उडालं ते इथे. गणितात तिच्यात काही खोट आहे असं मी म्हणत नाही. चूक झाली की ती कुठे झाली हे सांगत नाही, एवढाच माझा राग. पण रोज तिच्याबरोबर राहायचं असेल तर हा राग लहान राहत नाही.

निवडीची वाट

दुसऱ्या वाटेचा उगम १९३८ चा. सॅम्युएल्सन तेव्हा विशीतला. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या डोक्यात काय आहे ते जाऊ द्या, उपयोगिता हा शब्दच काढून टाकू. एखादा संच परवडत असताना त्याने दुसरा घेतला, तर दुसरा त्याला पसंत आहे असं उघड झालं. मग उलटं वागू नये. बस, एवढंच गृहीतक, ज्याला पुढे 'दुबळं' म्हणायला लागले.

दोन ओळींत बघा. पहिल्या वेळी दोन वस्तूंच्या किमती २ आणि १. माणसाने घेतले ४ आणि २ नग, खर्च १०. दुसऱ्या वेळी किमती उलट झाल्या, १ आणि २. आता त्याने घेतले २ आणि ४. खर्च पुन्हा १०. पहिल्या वेळच्या किमतींना दुसरा संच पडला असता ८ ला, म्हणजे परवडत होता तरी नाकारला. दुसऱ्या वेळच्या किमतींना पहिला संच पडला असता ८ ला. तोही परवडत होता, तोही नाकारला. दोन ओळी एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत. यात सूत्र नाही, लवचिकता नाही, चूकपदांचं वितरण नाही. चार गुणाकार आणि दोन तुलना.

दोनच वस्तू असतील तर एवढी चाचणी पुरते, हे ह्यू रोझने १९५८ मध्ये दाखवलं. तिसरी वस्तू आली की गंमत सुरू होते. वही घेऊन हे करून बघा. पहिली नोंद: किमती १, २, ३, खरेदी १, ४, २. दुसरी नोंद: किमती ३, १, २, खरेदी २, १, ४. तिसरी नोंद: किमती २, ३, १, खरेदी ४, २, १. तिन्ही वेळा खर्च १५. पहिल्या किमतींना तिसरा संच ११ ला मिळत होता, दुसरा मात्र १६ ला, म्हणजे आवाक्याबाहेर. दुसऱ्या किमतींना पहिला संच ११ ला, तिसरा १६ ला. तिसऱ्या किमतींना दुसरा ११ ला, पहिला १६ ला. कोणत्याही दोन नोंदी घ्या, भांडण नाही. तिन्ही एकत्र घ्या: पहिला तिसऱ्याहून सरस, तिसरा दुसऱ्याहून, आणि दुसरा पहिल्याहून. गोल फिरून जिथे निघालो तिथेच.

असं चक्र कुठेच नको, साखळी कितीही लांब असली तरी, हे 'सबळ' गृहीतक हाउथॅकरने १९५० मध्ये मांडलं. आणि इथे मला जे उमगलं ते कुणी आधी सांगितलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते. दुबळ्या गृहीतकातून मागणीच्या मॅट्रिक्सची खाली झुकणारी बाजू मिळते (किंमत वाढली की भरपाईयुक्त मागणी वाढत नाही), सममिती मिळत नाही. सममितीला चक्र नसण्याची अट लागते. म्हणजे ज्या सममितीच्या मागे मी समीकरणांतून धावत होतो, तिचा अर्थ 'निवडी गोल फिरत नाहीत' एवढाच होता. समीकरणात ती अंतर्धान पावलेली होती. इथे ती तीन ओळींत समोर बसली होती, बोट ठेवता येईल अशी.

पुढची पायरी ॲफ्रियाटची, १९६७ ची, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा निकाल तोच. तुमच्याकडे मोजक्याच नोंदी असू देत. त्यात कडक पसंतीचं एकही चक्र नसेल तर त्या नोंदींना साजेसं उपयोगिता फलन असतंच. ते अखंड असतं, 'जास्त ते बरं' मानणारं असतं आणि अंतर्वक्रही असतं. चक्र सापडलं तर असं एकही फलन नसतं. ज्या उपयोगितेला सॅम्युएल्सनने पुढच्या दाराने बाहेर काढलं ती अशी मागच्या दाराने घरात आली. त्यातही गंमत अशी, की समवृत्ती वक्र आत वळलेले असतात हे जे आपण पहिल्या धड्यात मोठ्या गांभीर्याने गृहीत धरतो, ते अशा नोंदींवरून खोटं ठरवताच येत नाही. ते फुकटात मिळतं. १९८२ मध्ये व्हॅरियनने या निकालाला वापरायच्या चाचणीचं रूप दिलं, जिला सगळे 'गार्प' (जनरलाइज्ड ॲक्सिअम ऑफ रिव्हील्ड प्रेफरन्स) म्हणतात. २४ महिन्यांसाठी २४ गुणिले २४ चा तक्ता, ५७६ घरं, प्रत्येक घरात एका महिन्याच्या किमतींना दुसऱ्या महिन्याचा संच कितीला पडला असता ते. कुठून कुठे पोचता येतं ते शोधायला संगणकशास्त्रातली वॉर्शलची जुनी पद्धत. स्प्रेडशीटमध्येसुद्धा भागतं.

नापास झालं तर किती नापास, हेही कळतं. ॲफ्रियाटचा कार्यक्षमता निर्देशांक विचारतो, माणसाचं अंदाजपत्रक किती आकसून धरलं म्हणजे भांडण मिटेल? वरच्या दोन वस्तूंच्या उदाहरणात १० ऐवजी ८ धरले की मिटतं, म्हणून निर्देशांक ०.८. म्हणजे त्याने पाचवा हिस्सा वाया घालवला असं समजा. हा आकडा साहेबांनाही कळतो.

सतरावा महिना

माझ्या त्याच नोंदींवर, कुटुंब-कुटुंब वेगळं घेऊन, मी ही चाचणी चालवली. बहुतेक कुटुंबं स्वच्छ निघाली. जी नापास झाली त्यांचे तक्ते छापून टेबलावर पसरले आणि भांडणाऱ्या ओळींवर लाल पेनाने खुणा केल्या. तिसऱ्या-चौथ्या कुटुंबापाशी लक्षात आलं की प्रत्येक भांडणात एक पक्ष तोच आहे. सतरावा महिना. कुणाचं पाचव्याशी भांडण, कुणाचं बाविसाव्याशी, पण सतरावा सगळीकडे हजर.

सतराव्या महिन्याचा किमतींचा तक्ता काढला. सहाव्या वस्तूची किंमत आदल्या महिन्याच्या जवळजवळ बारापट. मिनिटभर मी ती महागाई समजत होतो. मग 'बारा' हा आकडा डोक्यात वाजला. कुणीतरी डझनाची किंमत नगाच्या रकान्यात उतरवली होती. कुटुंबांनी त्या महिन्यात ती वस्तू नेहमीएवढीच, किंबहुना थोडी जास्तच घेतली होती, कारण त्यांच्यासाठी ती महाग झालेलीच नव्हती. तक्त्यात मात्र ती सोन्याच्या भावाने विकत घेणारी वेडी माणसं दिसत होती.

प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्याच वाटेवर अवशेषांचे (सूत्राचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतल्या फरकाचे) आलेख नीट बघितले असते तर हे तिथेही सापडलं असतं. तो आळस माझा. पण समीकरणाची वृत्ती अशी, की एका चुकीच्या ओळीचं पाप ती सगळ्या गुणांकांत थोडं थोडं वाटून टाकते, आणि आपण गुणांकांकडे बघत बसतो. प्रकट पसंतीचा तक्ता पाप वाटत नाही. कोणत्या ओळीचं कोणत्या ओळीशी पटत नाही ते नाव घेऊन सांगतो.

किंमत दुरुस्त केली. दोन-तीन कुटुंबं सोडून बाकी सगळी पास, आणि त्या दोन-तिघांचाही निर्देशांक ०.९५ च्या वर. मग जुना साचाही पुन्हा चालवला. सममितीचा नकार सौम्य झाला, पण गेला नाही. आता निदान मॅडमना उत्तर देता येत होतं: कुटुंबं बहुतांशी ठीक आहेत, संशय सूत्रावर किंवा मी केलेल्या बेरजेवर. त्या फक्त "हं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते पुष्कळ होतं.

आता दुसऱ्या बाजूचंही

प्रकट पसंतीच्या वाटेवरचा मोठा धोका असा, की पास होणं फार सोपं असू शकतं. उत्पन्न दर वर्षी वाढत असेल आणि किमती फारशा इकडेतिकडे होत नसतील, तर अंदाजपत्रक रेषा एकमेकींना छेदतच नाहीत. एक रेषा दुसरीच्या पूर्ण बाहेर. मग माणूस कसाही वागला तरी भांडण निघणार कुठून? व्हॅरियनने १९८२ च्याच पेपरात अमेरिकेचे १९४७ ते १९७८ चे आकडे तपासले आणि एकही उल्लंघन सापडलं नाही. ज्या देशाच्या आकड्यांवरून क्रिस्टेन्सन, जॉर्गेन्सन आणि लाउ या तिघांनी सिद्धांत मोडीत काढला होता, तोच देश इथे बिनदिक्कत पास. खूश होण्याआधी कारण बघा: त्या काळात खर्च वाढतच होता, आणि रेषा छेदत नव्हत्या. हे व्हॅरियनने स्वतःच सांगून ठेवलंय.

यावर उपाय ब्रोनार्सने १९८७ मध्ये सुचवला. त्याच किमती आणि तोच खर्च ठेवून खोट्या, यदृच्छ (चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारख्या) खरेद्या तयार करायच्या आणि त्यातल्या किती नापास होतात ते मोजायचं. यदृच्छ ग्राहकही पास होत असतील तर तुमच्या खऱ्या ग्राहकाचं पास होणं कवडीमोलाचं. ही पायरी गाळू नका. माझ्या डेटात किमती महिन्या-महिन्याला बऱ्यापैकी हलत होत्या, म्हणून निभावलं. वार्षिक सरासऱ्या असत्या तर बहुधा निभावलं नसतं. प्रयोगशाळेत रेषा आपल्या हाताने छेदत्या ठेवता येतात. हार्बॉ, क्राउझ आणि बेरी यांनी २००१ मध्ये शाळकरी मुलांवर असाच प्रयोग केला. दुसरीतली मुलं चुकत होती, सहावीतली मात्र महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या तोडीची सुसंगत निघाली.

अर्थात उपयोगितावाल्यांनी या मुद्द्यावर फार हसू नये. १९६२ मध्ये गॅरी बेकरने दाखवलंय की अंदाजपत्रक रेषेवर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्या माणसांचीसुद्धा सरासरी मागणी किंमत वाढली की घटते. मागणीचा वक्र खाली उतरला म्हणजे उपयोगिता महत्तम केली जातेय, असं मुळीच नाही.

दुसरी तक्रार अमर्त्य सेन यांची, आणि ती मला आजही पूर्ण परतवता येत नाही. निवडीवरून पसंती कळते म्हणता, पण निवड कोणत्या प्रसंगी केली ते तुम्हाला कुठे दिसतं? बैठकीत आलेला माणूस सर्वांत आरामाची खुर्ची मोकळी असूनही तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. ती आरामाची खुर्ची कुणी उचलून नेली तर तो आणखी तिसरीकडे सरकतो. दुसऱ्या खुर्चीची त्याची आवड बदलली नाही. 'सगळ्यात चांगली आपण घेऊ नये' हा संकोच आडवा आला. तक्ता मात्र त्याला विसंगत ठरवून मोकळा होतो. किमती आणि नग यांच्या नोंदींत हा प्रश्न जरा कमी भेडसावतो. पण माणसाच्या निवडीवर तुमचं काम असेल, निव्वळ खरेदीवर नसेल, तर 'प्रकट पसंती' या नावावर फार विसंबू नका.

तिसरं म्हणजे आकडा. भरपाई किती द्यावी, असं विचारलं तर ही वाट 'एवढ्यापासून एवढ्यापर्यंत' असं सांगते. कधीकधी ती पट्टी इतकी रुंद असते की सांगून न सांगितल्यासारखं. ब्लंडेल, ब्राउनिंग आणि क्रॉफर्ड यांनी २००३ मध्ये उत्पन्नाबरोबर खर्च कसा हलतो ते वापरून ती पट्टी अरुंद करायची युक्ती काढली, पण त्यासाठी डेटा भरपूर लागतो.

मग कुणी काय घ्यावं

एका वेळी अनेक पर्यायांतून एकच निवडायचा असा तुमचा विषय असेल, जसं प्रवासाचं साधन, तर या दोन्ही वाटा सोडा आणि मॅकफॅडनच्या यदृच्छ उपयोगितेकडे (जिथे उपयोगितेचा काही भाग योगायोगाचा धरून प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची शक्यता काढतात) जा. ते वेगळं जग आहे.

सरकारी अहवाल, कराचा परिणाम, भविष्यातल्या किमतींवरचा अंदाज असं काही हवं असेल तर उपयोगितेच्या वाटेला पर्याय नाही, आणि तिथे अपराधी वाटून घ्यायचं कारणही नाही. रेषा न छेदणाऱ्या वार्षिक आकड्यांवर काम असेल तरी तेच. समतोलाच्या, अनिश्चिततेच्या सिद्धांतात पुढे जायचं असेल तर उपयोगितेशी घट्ट मैत्री लागतेच.

पण तुमच्याकडे एकेका ग्राहकाच्या वेगवेगळ्या नोंदी असतील, किमती हलत असतील आणि पहिला प्रश्न 'हा डेटा काही सांगतोय का' असा असेल, तर मी आधी प्रकट पसंतीचा तक्ता मांडेन. साचा नंतर. यात माझ्या एका डझनाच्या अनुभवाचा वाटा मोठा आहे, हे मान्य. तुमची पहिली चूक वेगळ्या जातीची निघाली तर कदाचित तुम्ही उलट सांगाल.

माझ्या प्रबंधात शेवटी दोन्ही राहिलं. उपयोगितेची प्रकरणं होती तशीच आहेत, भरपाईचे आकडेही आहेत, फक्त त्यांच्या आधी तक्त्याचं प्रकरण आलं. सतराव्या महिन्याची हकीगत मी दोन पानं लिहिली होती. मॅडमनी ती तळटीपेत ढकलली, चार ओळींत.